पंखा लागत नाही

माझी ओळख करून देण्याची खरं तर गरज नसावी, पण ती कोणालाच नसल्यामुळे करून द्यावी लागते. मी खासगी गुप्तहेर आहे. नजर ससाण्याची, कान सशाचे, आणि नाकाबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, कारण ते माझ्या आधी खोलीत शिरलेलं असतं. माणसाच्या चपलेवरची धूळ पाहून तो कुठून आला हे मी तत्क्षणी सांगतो. तो तिथून आलेला नसतो, हा भाग वेगळा. तपासात अशा किरकोळ गोष्टींकडे लक्ष देऊन चालत नाही.

घराच्या गॅलरीत मी 'गुप्तहेर' अशी पाटी लावली आहे. अक्षरं अशी ठसठशीत की चौकातल्या बसथांब्यावर उभ्या माणसालाही चष्म्याशिवाय वाचता यावीत. "एवढं गुप्त मी जन्मात पाहिलं नाही," असं बायको म्हणते. बायकोचा माझ्या बुद्धीवर विश्वास नाही, आणि मी त्याबद्दल तिच्यावर कधी रागावत नाही. मोठ्या माणसांना घरात हे सोसावंच लागतं.

माझी पद्धत मी स्वतः शोधून काढली आहे. बाकीचे लोक आधी पुरावे गोळा करतात आणि मग निष्कर्ष काढतात. यात वेळ जातो, शिवाय निष्कर्ष भलताच निघण्याचा धोका असतो. मी निष्कर्ष आधी काढून ठेवतो. पुरावे मग गुमान येऊन त्याच्यामागे रांगेत उभे राहतात. जे राहत नाहीत त्यांना मी फितूर समजतो. मोठमोठ्या चौकशी समित्या हीच पद्धत वापरतात असं मी ऐकून आहे, पण त्यांनी ती माझ्याकडूनच उचलली असा माझा दावा नाही.

तर त्या दिवशी सकाळी फोन वाजला. फोनवर आत्या होती.

"ठोंब्या, घरी आहेस ना?"

ठोंब्या हे माझं घरातलं नाव. आई लवकर गेली, तेव्हापासून मला आत्यानंच वाढवलं, त्यामुळे तिला हा अधिकार आहे. ती बोलत होती तिथे मागे कसली तरी घरघर चालली होती आणि तिचा आवाज तुटत होता.

"गाडी तापतेय रे. तू लगेच ये."

"हा निघालो. येताना काही आणू का? उकाडा आहे, आमचा टेबलफॅन घेऊन येऊ?"

"पंखा लागत नाही! तेवढं बघ तू. मी आत नर्सबाईंची तयारी करून घेतेय."

फोन बंद झाला. आत्या पहिल्यापासून काटकसरी, भाच्याला ओझं नको म्हणून नाही म्हणाली, हे माझ्या लगेच लक्षात आलं. पंखा लागत नाही तर नाही. मी टेबलफॅन जागच्या जागी ठेवला, भिंग खिशात टाकलं आणि निघालो.

आता प्रकरणाचं गांभीर्य सांगतो, कारण इथे थट्टा संपते. आत्या ड्रायव्हिंग शिकवते. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक आत्या आणि एक गाडी असा सगळा पसारा. गाडी जुनी आहे, पण आत्यानं ती पोटच्या पोरीसारखी सांभाळली आहे. टपावर पिवळी पाटी आणि डाव्या बाजूला आत्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक. या गाडीवर शिकलेली माणसं आज रुग्णवाहिका चालवतात, ट्रक चालवतात, एकजण तर मंत्र्यांची गाडी चालवतो आणि आत्या दिसली की ताफ्यातून हॉर्न देतो. पण अलीकडे ही गाडी हळू चालवली की उकळायला लागायची. इंजिनच म्हातारं झालंय, असं गॅरेजवाल्यानं सांगून टाकलं होतं. आणि शिकाऊ माणूस गाडी हळूच चालवतो. उकळत्या गाडीत बसून क्लच सोडायला कोण शिकणार? एकेक करत शिकणारे गेले. उरल्या एकट्या नर्सबाई. त्यांना फिरत्या दवाखान्यात जागा मिळत होती, अट एकच, लायसन्स हवं. त्यांची परीक्षा त्याच दिवशी दुपारी होती.

आणि आत्यानं भंगारवाल्याला शब्द देऊन ठेवला होता. गाडी आजच्या परीक्षेत उकळली, तर संध्याकाळी घेऊन जा. गाडी गेली की स्कूल गेलं, आणि स्कूल गेलं की आत्या खिडकीत बसून लोकांचे चुकीचे गिअर मोजत राहणार. हे चित्र मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा गाडी अंगणात उभी होती. बोनेट उघडं, आणि आतून वाफ येत होती. आतल्या खोलीतून आत्याचा आवाज येत होता, "लाल त्रिकोण म्हणजे काय? नाही हो, तो रस्ता अरुंद. परत सांगा." फाटकाजवळच्या सावलीत भंगारवाला पाय पसरून बसला होता.

"तुम्हाला संध्याकाळी बोलावलं होतं ना?" मी भुवई उंचावून विचारलं.

"हो, पण सावली आत्ता आहे," तो म्हणाला. "टायर तेवढे आधी काढून ठेवू का?"

मी त्याचं नाव संशयितांत पहिलं घातलं. हेतू होता, संधी होती, आणि हातात पाना होता. यापेक्षा जास्त पुरावा ठेवून गुन्हा करणारा माणूस मी पाहिला नाही.

मी गाडीभोवती फेरी मारली. पुढच्या चाकापाशी जमिनीवर हिरवंगार पाणी सांडलेलं होतं. मी भिंगातून पाहिलं, तर ते आणखी मोठं आणि हिरवं दिसलं. विष! कुठेतरी पाणी मुरतंय हे मला आल्या आल्याच जाणवलं होतं, आता ते डोळ्यांनी दिसलं.

"गाडीवर विषप्रयोग झालाय," मी भंगारवाल्याकडे रोखून बघत म्हणालो.

"ते इंजिन थंड ठेवायचं कूलंट आहे," तो जांभई देत म्हणाला. "उकळून सांडलंय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"डब्यावर लिहिलेलं असतं."

उत्तर जरा जास्तच तयार होतं. पण तितक्यात बोनेटच्या कडेवर मला चिमुकले धुळकट पंजे उमटलेले दिसले आणि तपासाला नवी दिशा मिळाली. मांजर! उबदार बोनेटवर झोपायच्या लोभानं मांजर गाडी मुद्दाम तापवत असलं पाहिजे. मांजराला त्यासाठी नेमकं काय करावं लागेल हे मी अजून ठरवलं नव्हतं, पण मांजरं हुशार असतात. मी कुंपणापलीकडच्या मांजरीला 'इकडे ये' म्हणून पाहिलं. ती आली नाही. निष्पाप जिवानं पळून जायचं काय कारण?

तिसरा संशय समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलवर. त्यांच्याकडे नव्या कोऱ्या गाड्या आहेत, आत गारेगार आहे. आत्याची गाडी तापली की शिकाऊ त्यांच्याकडे जातात. मी रस्ता ओलांडून थेट त्यांच्या कचेरीत गेलो आणि मालकाला म्हणालो, "खेळ संपला आहे."

"कोणता?" तो म्हणाला. "बसा ना. ॲडमिशन घ्यायचीय का? गाडी येते की पहिल्यापासून?"

मला गाडी येत नाही. आत्यानं शिकवायचा प्रयत्न केला होता, पण पहिल्याच धड्यात मी आरशात मागून येणाऱ्या सगळ्यांवर पाळत ठेवत बसलो आणि पुढे विजेचा खांब होता. मी मालकाला यातलं काही सांगितलं नाही. तो गोड बोलत राहिला, मला पाणी दिलं, फीमध्ये सवलतही देऊ केली. इतका सज्जन माणूस नक्कीच गुन्हेगार असतो, पण त्याला पकडायचं कसं ते न सुचल्यामुळे मी परत आलो.

अंगणात आता नर्सबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, खांद्याला पर्स. आयुष्य 'शांतता राखा' या पाटीखाली गेलेलं, त्यामुळे बोलणं असं हळू की समोरच्यानं पुढे वाकावं. आत्यानं त्यांना गाडी थंड झाली का ते बघायला पाठवलं होतं.

मी त्यांना उलटतपासणीला घेतलं.

"तुमचा आणि तापाचा संबंध किती जुना?"

"नोकरीला लागले तेव्हापासूनचा," त्या म्हणाल्या.

"पर्समध्ये काय आहे?"

त्यांनी पर्स उघडली. रुमाल, पेन, लायसन्सचे कागद आणि थर्मामीटर. मी विजयानं थर्मामीटर वर धरला. "परीक्षेची भीती वाटते, म्हणून गाडीला ताप आणला! खरं ना?"

"परीक्षेची भीती वाटते हे खरं आहे," त्या कबूल झाल्या. "गाडी बंद पडली तर बरं, असं काल रात्री एकदा मनातही आलं. पण मग सकाळी तुमच्या आत्याबाईंकडे बघितलं आणि लाज वाटली हो."

अर्धा कबुलीजबाब हातात आला होता. उरलेला अर्धा मिळवण्याआधी एकदा घटनास्थळ उघडून पाहावं म्हणून मी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. नर्सबाईंनी चटकन माझ्या मनगटावर फटका मारला.

"भाजाल! तापलेलं आहे ते. उघडायचं नसतं." मग थंड झाली का ते बघायला त्यांनी गाडी सुरू केली. तापमानाचा काटा थेट वरच्या टोकाला टेकला, तशा त्या उतरून बोनेटखाली वाकल्या. नर्सबाई थोडा वेळ बघत राहिल्या. "दादा, एक विचारू?"

"विचारा."

"पेशंट एवढा फणफणलाय आणि हा समोरचा पंखा बंद कसा?"

मी पाहिलं. रेडिएटरच्या मागे खरंच एक पंखा होता. पाती ढिम्म.

"तो लागत नाही," मी समजुतीनं सांगितलं. "आत्याच म्हणाली."

नर्सबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बहुधा माझंही तापमान घ्यावं असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "बाई! जरा बाहेर या!"

आत्या बाहेर आली. तिनं आधी इंजिन बंद केलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "काय रे, बघितलंस का पंख्याचं?"

"कुठल्या पंख्याचं?"

"तुला फोनवर सांगितलं ना, पंखा लागत नाही, तेवढं बघ!"

"पण आत्या, लागत नाही म्हणजे नको ना? मी टेबलफॅन आणू का विचारलं, तू म्हणालीस लागत नाही."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे गाडीचा पंखा! गाडी तापली की तो आपोआप लागायला हवा, तो लागत नाही! म्हणजे चालू होत नाही!"

यात माझा काही दोष नाही, दोष मराठीचा आहे. आपल्या भाषेत भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नंबर लागतो, फोन लागतो, एखाद्याचं बोलणं मनाला लागतं, आणि एवढं सगळं एकाच क्रियापदावर लादल्यावर त्यात एखाद्या वेळी गुप्तहेरही अडकणारच. हे मी आत्याला सविस्तर समजावून सांगू लागलो.

"आणि शोध?" आत्या म्हणाली. "तो लागला का?"

तिचं बोलणं मनाला लागलं. तिनं सकाळपासून माझ्यावर विश्वास टाकला होता आणि मी मांजरीच्या मागे हिंडत होतो. परीक्षेला आता फार वेळ उरला नव्हता.

आत्या वेळ न घालवता कामाला लागली. तिच्याकडे शिकायला येणाऱ्याला ती पहिल्या दिवशी बोनेट उघडायला लावते, स्टिअरिंग नंतर. तिनं बॅटरीपासून पंख्याला सरळ एक वायर जोडली. पंखा घुर्र करून फिरला. म्हणजे पंखा धडधाकट होता. फ्यूज काढून उजेडात धरला, तोही शाबूत. मग तिनं कडेच्या काळ्या डब्याचं झाकण उघडलं. आत काडेपेटीएवढे ठोकळे बसवलेले होते.

"हा पंख्याचा रिले," ती नर्सबाईंना दाखवत म्हणाली. मला नाही. "इंजिन तापलं की याला इशारा मिळतो, हा टक् करतो आणि पंख्याला करंट सोडतो. किल्ली फिरवा बरं."

नर्सबाईंनी किल्ली फिरवली. आत्यानं ठोकळ्यावर बोट ठेवलं.

"टक् नाही," आत्या म्हणाली. "मेलाय. आता हॉर्न दाबा."

नर्सबाईंनी हॉर्न दाबला, म्हणजे त्याला हलकेच स्पर्श केला. शेजारच्या तशाच ठोकळ्यानं टक् केलं आणि हॉर्न वाजला. नर्सबाई स्वतःच दचकून "सॉरी" म्हणाल्या.

आत्यानं दोन्ही ठोकळे उपसले. दोघांचे पाय सारखे, आकार सारखा. हॉर्नचा रिले तिनं पंख्याच्या जागी दाबला. टक्! पंखा सुरू झाला, आणि तापमानाचा काटा निमूटपणे खाली यायला लागला. आत्यानं मेलेल्या रिलेचं झाकण काढून आतली जळून काळीठिक्कर पडलेली तारेची गुंडाळी मला दाखवली. एवढ्याशा ठोकळ्यापायी ती गाडी विकायला निघाली होती. तिचे डोळे भरून आले. माझेही आले. भंगारवाल्यानं पाना खिशात घातला.

"तर गुन्हेगार रिले होता," मी घसा साफ करून म्हणालो. "मला त्याचा संशय होताच."

"गॅरेजवाला सासुरवाडीला, आणि पार्टचं दुकान जेवणासाठी बंद," आत्या घड्याळाकडे बघत म्हणाली. "नवा रिले परीक्षेनंतरच मिळणार. पंख्याला घातला तर हॉर्न नाही, हॉर्नला घातला तर गाडी उकळणार."

"परीक्षेत हॉर्न वाजवायला सांगतात," नर्सबाई कुजबुजल्या.

दोघी हळूहळू माझ्याकडे वळल्या. का, ते मला तेव्हा कळलं नाही. बायकोला नंतर सांगितलं तेव्हा तिला पहिल्या वाक्यात कळलं.

परीक्षा घेणारे साहेब नर्सबाईंच्या शेजारी बसले. ते हसत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. मागे मी आणि आत्या. रस्त्यावर गर्दी तुंबलेली, गाडी पावलापावलानं सरकत होती. नेमका असाच रस्ता गाडीला भोवायचा. आत्याची नजर काट्यावर आणि माझा हात तिच्या मुठीत. तिनं तो इतका घट्ट धरला होता, की लहानपणी मी तिचा हात असाच धरायचो ते आठवलं. काटा वर चढला, चढला, आणि मध्यावर आला तसं पुढून घुर्र ऐकू आलं. पंखा लागला होता. काटा तिथेच थांबला. आत्यानं सोडलेला श्वास साहेबांच्या मानेवर गेला असावा, कारण त्यांनी कॉलर सारखी केली.

तेवढ्यात एक माणूस मोबाईलमध्ये डोकं घालून गाडीसमोर आला.

"हॉर्न द्या," साहेब म्हणाले.

नर्सबाईंनी ब्रेक मारला, गाडी सफाईनं थांबली, आणि त्यांनी हॉर्न दाबला. काही झालं नाही. मी त्या वेळी साहेबांच्या बुटावरची धूळ पाहत होतो. आत्यानं कोपर मारलं.

"पोंऽऽऽऽ!" मी ओरडलो.

मोबाईलवाला फुटपाथवर उडाला. मागची स्कूटर घसरता घसरता राहिली. साहेब सावकाश मागे वळले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"हे कोण?"

आत्या आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. "हॉर्न," ती म्हणाली.

"बाहेरून बसवलाय?"

"नाही, घरचाच आहे."

साहेबांचा ओठ एका कोपऱ्यात हलला. मग आत्यानं रिलेची सगळी हकीकत सांगितली, काही लपवलं नाही. साहेबांनी ऐकून घेतलं. नर्सबाईंनी पुढे गाडी वळवली, मागे घेतली, चढावर थांबवून सोडली, आणि एकदाही बंद पडू दिली नाही. उतरताना साहेब म्हणाले, "चालवतात उत्तम. पण या हॉर्नवर मी सही करणार नाही. गाडीचा वाजवून दाखवा, मग देतो."

दुकान उघडल्याबरोबर मला पिटाळण्यात आलं. दुकानदारानं काय हवंय विचारलं. मी म्हणालो, "गाडीच्या आतला एक फितूर निरोप्या." त्यानं माझ्या मुठीतला जळका रिले काढून घेतला, तसाच नवा माझ्या हातात ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आत्यानं तो पंख्याच्या जागी बसवला, उसना घेतलेला हॉर्नला परत केला. नर्सबाईंनी साहेबांच्या कचेरीसमोर गाडी उभी केली आणि हॉर्न दाबला. हलकेच नाही. असा दाबला की साहेब सही करायला पेन घेऊनच खिडकीत आले. दवाखान्यातली सगळी दडपलेली वर्षं त्या एका हॉर्नमधून बाहेर पडली, आणि मग त्या स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या.

संध्याकाळी आम्ही अंगणात परतलो तेव्हा भंगारवाला ठरल्याप्रमाणे हजर होता. म्हणजे तो गेलाच नव्हता. आत्या गाडीतून उतरली आणि बोनेटवर हात ठेवून उभी राहिली.

"गाडी देत नाही मी. तुमचा दिवस फुकट गेला, माफ करा. चहा घेऊन जा."

भंगारवाला समजूतदार माणूस. त्यानं चहा घेतला, कप खाली ठेवला आणि उठला. मी पायरीवर बसून भिंग पुसत होतो. दिवसभर ओरडून माझा घसा बसला होता. एकदाच ओरडलो होतो, पण मनापासून. त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं, जुन्या मालाचा अंदाज घेतात तसं.

"मग बाई," त्यानं विचारलं, "हे तरी द्यायचं का?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. चांगला वेळ लावून पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली,

"नको. मला लागतं ते."